फक्त दोन हात

४ मार्च, मंगळवार

आणि वर हे एक शब्द न बोलता घरातून गेले. बोलले असते तर मीही चार ऐकवले असते, दोघांची वाफ गेली असती, संध्याकाळी पुन्हा एका टेबलाशी जेवायला बसलो असतो. पण नाही. सकाळी चहा प्यायले, कप स्वतः विसळून पालथा घातला (तिथेच मला कळायला हवं होतं), छोटे रंधे एकेक करून फडक्यात गुंडाळले, पिशवीत भरले आणि बहिणीकडे चालते झाले. का, तर मी त्यांच्या फळीवर दोन हात मारले. फक्त दोन हात. स्क्रेपर म्हणजे काय तलवार आहे का? पोलादाची पत्री ती, हातातल्या हातात वाकते.

फळी म्हणजे हे बनवतात त्या मँडोलिनच्या पोटाची वरची. सगळा आवाज म्हणे तिच्यात असतो. पाठ, कडा, मान, हे सगळं नुसतं तिला धरून ठेवायला. असेल. पण म्हणून एका फळीला दीड महिना? रोज तेच. अंगठ्याएवढ्या रंध्याने केसाएवढी साल काढायची, फळी कडेला दोन बोटांत लोंबती धरायची, कानाशी न्यायची, बोटाच्या पेराने टक करायचं, मान हलवायची आणि ठेवून द्यायची. गल्लीतली पोरं यांना टकटक म्हणतात ते उगाच नाही.

बरं, या वेळी मला विचारलंच नाही. लग्न झाल्यापासून प्रत्येक फळीला विचारलंय. मागच्या खोलीतून टक करायचे आणि ओरडायचे, आता? मी स्वयंपाकघरातून सांगायची, झालं. की झालं. हात यांचे, कान माझा. या वेळी दीड महिना नुसती टकटक, मला एक शब्द नाही. म्हणून काल हे तारा आणायला बाहेर पडले तेव्हा मीच फळी उचलली, मीच टक केलं. जाड वाटली. मारले दोन हात. मग जरा कडेला. मग दुसरी बाजू तशीच सोडायची का, म्हणून तिकडेही. शेवटी पॉलिश पेपर फिरवला, कारण अर्धवट काम मला सहन होत नाही. खिडकीत धरली तर उजेड आरपार, छान गुलाबी. यांच्या हातून एवढी पातळ जन्मात झाली नसती.

आल्यावर यांनी उचलली. एकदाच टक केलं. खाली ठेवली. जेवले, झोपले.

शुक्रवारपर्यंत परत येतात की नाही बघा. बहिणीकडची गादी यांच्या पाठीला चालत नाही.

लाकूड चिकटवायचा सरस भिजत घातला. रोज संध्याकाळी दाणे पाण्यात टाकायचे, सकाळी फुगले की भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवायचे. हे बाटलीतल्या गोंदाला हात लावत नाहीत. आता माणूस नाही तर सरस कशाला, असं कोणी विचारेल. सवय आहे. त्यात यांचा काही संबंध नाही.

५ मार्च, बुधवार

सरस वितळवला. वापरायला कोणी नाही. घरभर वास. दुपारी ओतून दिला.

खालचा शिंपी जिन्यात भेटला. म्हणाला, काकू, कालपासून टकटक नाही? म्हटलं, परगावी गेलेत कामाला. तर म्हणतो, असं का, मला आत्ता बहिणीच्या गल्लीत पाव घेताना दिसले. या माणसाला माप घेताना माझा खांदा दिसत नाही, दर वेळी बाही उसवावी लागते. पण हे बरोबर दिसलं.

६ मार्च, गुरुवार

ठरलं. मँडोलिन मीच पुरं करणार. त्याच फळीचं.

विचार करून बघितलं, राहिलंय काय? पाठ आणि कडा जोडून तयार. मान तयार. खुंट्या डब्यात. तारा तर यांनी सोमवारीच आणल्या, टेबलावर पुडक्यात तशाच पडल्यात. राहिलं ते फळीला आतून पट्ट्या लावणं, झाकण बंद करणं, पॉलिश, तारा. एवढ्याला हे तीन आठवडे लावतात. मास्तर बावीस तारखेला न्यायला येणार आहेत. शाळेत मुलांना वाजवायला शिकवतात ते. वर्षभर थांबलेत बिचारे, आणि पुढच्या महिन्यात स्टेजवर वाजवायचंय. त्यांच्यापुढे मी काय रिकामे हात करू?

इतकी वर्षं या कामाच्या शेजारी राहिलेय. बघून बघून माणूस डॉक्टर होत नाही हे खरं, पण हे काही ऑपरेशन नाही. लाकूड आहे.

बावीसच्या आत पुरं. हे शुक्रवारी आलेच तर उरलेलं त्यांना शिकवता येईल.

७ मार्च, शुक्रवार

आले नाहीत. गादीची सवय झाली असेल.

वन्संना फोन केला. त्यांना फोनवर ऐकू येत नाही. समोरही येत नाही, पण समोर निदान हातवारे करता येतात. विचारलं, ते काही म्हणाले का? म्हणाल्या, हो, दोन वेळा जेवतो. विचारलं, कधी निघणार? म्हणाल्या, तू काळजी करू नकोस, मागची खोली रिकामीच होती, टेबल लावून दिलंय.

टेबल. म्हणजे काम तिकडे सुरू. आणि मला वाटत होतं नुसते रुसून बसलेत.

सरस भिजवला.

८ मार्च, शनिवार

पट्ट्या. फळीच्या आतून दोन लांब पट्ट्या चिकटवायच्या असतात, टेकू म्हणून. हे त्या एवढ्या जाड ठेवतात की वरून गाडी जाणार आहे. मी रंधून निम्म्या केल्या. हलकं पोट, मोठा आवाज, साधी गोष्ट.

सरस लवकर थिजतो हे मला माहीत होतं. किती लवकर ते आज कळलं. पट्टीला लावून क्लॅम्प घ्यायला वळले, परत बघते तर जेली. पुसला, पुन्हा लावला. दुसऱ्यांदा पट्टी बसली पण ॲप्रनचं टोक आत राहिलं. कात्रीने कापलं. निळा तुकडा आत दिसतो. झाकण बंद झाल्यावर कोण बघणार?

हे सरस लावताना खोली आधी तापवतात, खिडक्या लावून घेतात आणि कोणालाही आत येऊ देत नाहीत. मला वाटायचं माझ्यावर राग आहे. खोली तापवायची असते. मग तसं सांगायला जीभ झिजते का?

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन. बाबांनी तिला सांगितलेलं दिसतंय. मी माझी बाजू नीट समजावली. शेवटी म्हणाली, आई, सॉरी म्हणून टाक ना. म्हटलं, कशाबद्दल? तर नुसतं म्हणाली, आई. पुढे काहीच नाही. नोकरीला लागल्यापासून अर्धी वाक्यं बोलते.

मग विचारते, ती फळी माझ्या जन्माच्या वर्षीची ना?

तीच. झोपायची खोली सगळ्यात कोरडी म्हणून आमच्या कपाटावर वाळत ठेवलेली. सगळं आयुष्य मी लाकडाच्या वखारीत झोपल्यासारखं काढलं. घर तीनदा रंगवलं, तीनदा ती फळी आधी शेजारी नेऊन ठेवली, मग रंग. लेकीला म्हटलं, तू घराबाहेर पडलीस तरी फळी हलली नाही. ती म्हणाली, म्हणूनच ना आई.

म्हणूनच काय ते सांगितलं नाही. फोन ठेवला.

११ मार्च, मंगळवार

झाकण बंद केलं. हे पोटाच्या कडेने सगळीकडून क्लॅम्प लावतात. यांनी चांगले क्लॅम्प बरोबर नेलेत हे आज लक्षात आलं. उरलेले लावले, कमी पडले ती जागा कपड्यांच्या चिमट्यांनी भरून काढली. दोरीने बांधलं. वर इस्त्री ठेवली वजनाला.

गच्चीवर कपडे तसेच, चिमट्यांशिवाय. शिंप्याचा शर्ट उडून पलीकडे गेला. त्याने येऊन विचारलं, काकू, चिमटे कुठे? मी दाखवलं. बराच वेळ बघत उभा राहिला. म्हणाला, काका येणार आहेत ना परत? म्हटलं, तुझा शर्ट शोध जा.

१२ मार्च, बुधवार

चिमटे काढले. एका बाजूला फट आहे. भुसा आणि सरस कालवून भरली. दिसत नाही. म्हणजे बघितलं तर दिसते.

मान बसवली. किंचित डावीकडे झुकली आहे. माणसांचीही असते.

१४ मार्च, शुक्रवार

हे पॉलिश दहा-बारा दिवस करतात. बोटाएवढ्या फडक्याने, पातळ, रोज एक हात, मध्ये वाळवणं. मी हार्डवेअरवाल्याकडून डबा आणला. कशाला पाहिजे विचारलं, म्हटलं दाराला. एका हातात काम. चमक अशी की तोंड दिसतं.

अजून चिकट आहे. एक चिलट बसलं, बसलं ते बसलंच. काढायला गेले तर पंख राहिला. डिझाइन वाटतं.

आजही शुक्रवारच. आले नाहीत.

१७ मार्च, सोमवार

आज कुणाशी तरी बोलायलाच हवं म्हणून लिहितेय, कारण शिंपी घरी नाही आणि लेक मीटिंगमध्ये आहे.

तारा चढवल्या. आठ तारा, दोन दोनच्या चार जोड्या, मधोमध घोडी, ती पोटावर नुसती उभी राहते, चिकटवत नाहीत, तारांच्या दाबानेच बसते. एक तार हाताला लागली. पण जुळवलं. आणि छेडलं.

मोठा. काय सांगू, एवढा मोठा आवाज की कपाटावरची रिकामी बाटली बोलायला लागली. यांच्या मँडोलिनचा आवाज कसा असतो, तर काचेच्या पेल्यावर चमचा आपटल्यासारखा, बारीक, टणक, पण कोपऱ्यात बसलेल्याच्या कानात तसाच्या तसा जातो. आणि तोही पहिलं वर्षभर आत लाजून बसलेला. वाजवून वाजवून बाहेर काढावा लागतो, असं हे गिऱ्हाइकांना सांगतात, आणि ती माना डोलावतात. माझं पहिल्या दिवशीच खोलीबाहेर गेलं. पिंपात तोंड घालून बोलावं तसा भरदार आवाज. मी एकटीच अर्धा दिवस टांग टांग करत बसले. मला वाजवता येत नाही, पण त्यासाठी मास्तर आहेत.

म्हणजे पातळच हवी होती. म्हणजे मी बरोबर होते. एवढी वर्षं हे घाबरून घाबरून थांबत होते, अजून दोन हात मारले असते तर कुठल्या कुठे पोहोचले असते. आता आले की मी लगेच काही बोलणार नाही. आधी जेवू देईन. मग मँडोलिन हातात देईन. तोंड बघायचंय मला.

संध्याकाळी खिडकी उघडून वाजवलं. सात गल्ल्या पलीकडे वन्संच्या घरापर्यंत जाणार नाही, कळतं मला. तरी उघडली.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी बघते तर सूर उतरलेला. नव्या तारा ताणतात. खुंट्या पिळल्या.

१९ मार्च, बुधवार

पुन्हा उतरला. पुन्हा पिळल्या. दमट हवा.

एक चांगली गोष्ट झाली. परवा तारा मानेवरच्या पट्टीपासून उंच होत्या, बोट जोरात दाबावं लागत होतं. आज आपसूक खाली आल्यात. लोक यांच्याकडे मुद्दाम तारा खाली करून घ्यायला येतात, हे घोडी घासत दिवस दिवस बसतात. माझ्या मँडोलिनचं आपोआप झालं.

२० मार्च, गुरुवार

खालच्या दोन जोड्या जरा भणभणतात. माशी अडकल्यासारखं. मास्तरांचा हात लागला की जाईल.

पोट घोडीखाली किंचित आत दिसतं. पॉलिशच्या चमकेमुळे तसा भास होतो. घोडीखाली व्हिजिटिंग कार्ड दुमडून सरकवलं, शिंप्याचंच. भणभण कमी.

सरस भिजवला. आता तर काम पण उरलेलं नाही, तरी हात गेला डब्याकडे. उद्यापासून बंद.

२१ मार्च, शुक्रवार

कार्ड चौपदरी केलं.

सरस भिजवला. उद्या मास्तर येणार आहेत, घरात कामाचा वास असलेला बरा.

२२ मार्च, शनिवार. संध्याकाळ

मास्तर आले. नवीन शर्ट घालून आले होते. यांच्याकडे मँडोलिन न्यायला येताना लोक असेच येतात, मुलगी बघायला आल्यासारखे.

म्हणाले, वहिनी, हे कुठे? म्हटलं, बहिणीला बरं नाही, तिकडे गेलेत. तुमचं काम पुरं करून गेलेत. मँडोलिन हातात दिलं. त्यांनी घेतलं आणि बोटं शर्टाला पुसली. मग मानेकडून डोळा लावून बघितलं. मग चिलटाच्या पंखाकडे बघितलं. मग भोकातून आत बघितलं आणि म्हणाले, आत काही निळं आहे का? म्हटलं, वाजवून तर बघा.

छेडलं. म्हणाले, मोठा आहे हो आवाज. मी म्हटलं, आहेच. वर्षभर लाजणारा नाही हा.

मग त्यांनी ते सुरू केलं, ते एकाच जोडीवर खालीवर खालीवर भरभर मारतात ना, ज्यात वेगवेगळे ठोके न ऐकू येता एकच लांब सूर ऐकू येतो, ते. मी डोळे मिटले. खरंच चांगलं वाटत होतं. आणि मधेच आवाज आला. मोडल्याचा नाही. जुन्या वेताच्या खुर्चीत जाड माणूस हळूच बसावा, तसा. मी डोळे उघडले तर घोडी पोटात बुडालेली, आठही तारा पट्टीवर आडव्या झोपलेल्या आणि शिंप्याचं कार्ड मास्तरांच्या मांडीवर.

मास्तरांनी कार्ड उचलून टेबलावर ठेवलं. मग ते म्हणाले, वहिनी, फळी कोणी काढली ही? म्हटलं, दोघांनी.

ते म्हणाले, हे मला भेटले होते. तीन तारखेला, तारांच्या दुकानात. खूश होते. म्हणाले, मास्तर, झाली तुमची फळी. अशी फळी माझ्या हातून पूर्वी झाली नाही, पुढे होईल असं वाटत नाही. आता घरी जातो आणि बायकोला ऐकवतो. मी गमतीने म्हटलं, आणि वहिनी नाही म्हणाल्या तर? तर हसले. म्हणाले, ती कशाची नाही म्हणते, तिचं सगळं लक्ष गॅसवर. टक झालं की झालं म्हणून मोकळी होते. पण तिने झालं म्हटल्याशिवाय मला तारा चढवाव्याशा वाटत नाहीत.

मास्तरांनी मँडोलिन टेबलावर ठेवलं, पालथं, पोट खाली करून, म्हणजे मला दिसू नये. चहा घेतला नाही. दारात म्हणाले, स्टेजचं बघतो काय ते, जुनं आहे माझ्याकडे. चांगला माणूस आहे. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२३ मार्च, रविवार

मुद्दा असा. हे तारा आणायला कधी जातात? फळी झाल्यावर. आधी कधीच नाही. शकुन म्हणा, पद्धत म्हणा, लग्नापासून तसंच आहे, आणि घरात हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? त्या दिवशीही तारा आणायलाच गेले होते.

पण मग तसं सांगून जायला काय झालं होतं? तारा आणतो म्हणाले. फळी झाली म्हणाले नाहीत. एक शब्द. मी मनकवडी आहे का?

आणि गॅसवर लक्ष असतं म्हणजे काय? जेवण कोण करणार होतं?

सरस भिजवला. डब्यात दाणे तळाला आलेत.

२४ मार्च, सोमवार

हार्डवेअरवाल्याकडे गेले होते. तिकडून येताना वन्संची गल्ली लागते. सरळ आलं तर लागत नाही, पण सरळ रस्त्याला खणून ठेवलंय. खणलं नसेल तर खणतील.

वन्संचं घर दुसऱ्या मजल्यावर. मागची खिडकी उघडी. खाली सायकली लावतात तिथे मी पिशवी ठेवली, कारण पट्टा हाताला रुतत होता.

टक.

मग बराच वेळ रंधा. रंध्याचा आवाज मी ओळखते, आमचाच आहे, कोरडा पाव कापल्यासारखा. मग पुन्हा टक.

घरात असते तर मी तिथेच झालं म्हटलं असतं. पण तिथे गॅस नव्हता, दूध नव्हतं, काही नव्हतं, नुसत्या सायकली. म्हणून पुढचं ऐकू आलं. टक संपलं की त्याच्या मागे एक बारीक सूर राहतो. भांड्यावर झाकण ठेवल्यावर ते थरथरत थांबतं तसा, पण गोड. राहतो, राहतो, आणि मग विझतो. असतो हे मला माहीत होतंच. पण इतका वेळ राहतो हे माहीत नव्हतं. आमच्या कपाटावरच्या त्या फळीत हा असणार. मी तीन तारखेला टक केलं तेव्हाही असणार. मी जाड वाटली म्हणाले.

वरून यांचा आवाज आला. आता?

सवयीने तोंडातून गेलं असणार. वन्सं आत टीव्हीसमोर, पाठीमागून ट्रक गेला तरी त्या वळत नाहीत. कोणी काही बोललं नाही. मग पुन्हा टक. आणि पुन्हा, जरा हळू, आता?

मी तोंड उघडलं झालं म्हणायला. आणि थांबले. सूर विझेपर्यंत थांबले. अगदी शेवटाला तो किंचित खरखरत होता, कडेला कुठेतरी लाकूड जास्त असल्यासारखा.

म्हणून म्हटलं, नाही. जरा मोठ्यानेच गेलं. पलीकडचा सायकलवाला दचकला.

 मग खिडकी बंद झाली.

वारा होता. पिशवी उचलली आणि आले. पण निघताना बंद खिडकीतून रंध्याचा आवाज आला. एकच हात, कडेने, हलका. मला तर आला. सायकलवाला म्हणाला त्याला नाही आला. पण त्याचा कान काय कामाचा आहे?

२६ मार्च, बुधवार

काल फोन नाही. आज फोन नाही. शिंप्याने माझी बाही उसवून आणून दिली आणि म्हणाला, काकू, माझं कार्ड परत मिळेल का, शेवटचं होतं. त्याला चौपदरी कार्ड दिलं.

सकाळी सरस वितळवला, दुपारी ओतला. डबा रिकामा. खरवडून काढला तेवढा शेवटचा होता.

दुकानदाराकडे छोटा डबा मिळत नाही. मोठा घ्यावा लागतो, तो वर्षभर पुरतो. म्हणजे घ्यायचा की नाही हे आधी ठरायला हवं. मी उगाच घेऊन ठेवणार नाही.

लेकीला फोन लावला. म्हटलं, बाबांना निरोप दे. म्हणाली, तूच दे ना आई, सात गल्ल्या तर आहेत. म्हटलं, मी त्या गल्लीत जात नाही. ती हसली, का हसली माहीत नाही. शेवटी म्हणाली, सांग, लिहून घेते. मी म्हटलं, आहे तसं सांग, तुझं काही घालू नकोस, सॉरीबिरी तर नाहीच.

सांग की सरस संपलाय. सांग की मास्तरांचं मँडोलिन पुरं झालं होतं, पाच दिवस वाजत होतं, पुढचं मास्तर सांगतील. तिकडची फळी कडेला अजून जाड आहे की नाही ते मला कळलं पाहिजे, मी सोमवारी सांगितलं होतं. काढलं असेल तर आता काय ऐकू येतं? घरी येणार असतील तर मोठा डबा आणते आणि रविवारी भिजत घालते, म्हणजे सोमवारी सकाळी तयार. येणार नसतील तर इथलं रिकामं भांडं घेऊन जा म्हणावं, मला त्या वासाचा त्रास होतो. हो की नाही, एक शब्द पुरे. वर यायची इच्छा नसेल तर खालून ओरडलं तरी चालेल, स्वयंपाकघरात ऐकू येतं, गॅस बंद ठेवीन. दुकान रविवारी बंद असतं. शनिवार संध्याकाळपर्यंत सांगा म्हणावं.